मिलेन्कोचा चेहरा

दफनभूमीच्या फाटकाशी माझं मेणबत्त्यांचं दुकान, आणि शेजारी विदोयेचं. तो थडग्यांच्या दगडांवर मेलेल्यांचे चेहरे कोरतो. स्वतःचाही दगड त्यानं तयार ठेवलाय, चेहऱ्यासकट. मरणाचं साल तेवढं कोरायचं बाकी. असा माणूस कशाला घाबरतोय, असंच मला वाटायचं. पण त्या दिवशी तो दुकानात आला तो पांढराफटक पडलेला.

"झोर्का, मशीननं चेहरे कोरायचा प्रोग्रॅम उघडत नाही. कंपनी विकली गेली. नवे मालक म्हणतात, तुमच्या देशात सेवा बंद."

"प्रोग्रॅमचं भाडं थकवलंस?"

"एकदाही नाही गं!"

पूर्वी त्याचा प्रोग्रॅम विकत घेतलेला होता. जुनाट, पण स्वतःचा. मग हा भाड्याचा आला. चेहऱ्यांचे फोटोही इंटरनेटवर, त्यांच्याच कपाटात ठेवायचे म्हणे. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिऊ नकोस, असं मी तेव्हाच बजावलं होतं. पण ऐकतो कोण! आता कपाटाला कुलूप लागलं, आणि आत साव्काचा मिलेन्को अडकला.

पुरानं साव्काचा मुलगा नेला, घरही नेलं. तिच्या पाकिटात त्याचा एकच फोटो उरला होता. विदोयेनं तो कॉम्प्युटरमध्ये घेतला आणि म्हणाला, "मावशी, हा त्याच्यापाशीच ठेव. माझ्याकडे तो आहेच." तिनं तो शवपेटीत, मुलाच्या हाताखाली ठेवला.

शनिवारी सहा महिन्यांचं स्मरण होतं. दगड कोराच.

"काय सांगू तिला? तुझा मुलगा मी पुन्हा बुडवला म्हणून?" विदोयेनं विचारलं. त्याला एकट्याला कसं पाठवू? मीही त्याच्यासोबत तिच्याकडे गेले.

साव्कानं सगळं ऐकून घेतलं.  ही आता कोसळते, या भीतीनं मी तिच्यामागे जाऊन उभी राहिले. तिनं डोक्याचा काळा रुमाल सोडला.

"माझंच तोंड होतं त्याला. मला बघून कोर. सुरकुत्या तेवढ्या गाळ."

विदोयेनं दगडावर हातानं कोरायची वडिलांची जुनी पोलादी सुई काढली. ठकठक सुरू झाली.

"हनुवटी रुंद कर. ती त्याच्या बापाची."

शनिवारी तिनं मेलेल्याच्या नावानं वाटायचा उकडलेला गहू आणला, मेणबत्ती लावली, दगडावरचा गाल कुरवाळला. मग एकदम दचकून हात मागे घेतला.

"विदोये, बाळा, हा तरी कुणी बंद नाही ना रे करणार?"

 त्यानं तिचा हात धरून पुन्हा दगडावर ठेवला.