बुद्धाच्या देशातली आजी

जपानला जायला माझी निवड झाली ती डोक्यामुळे नाही, पोटामुळे. लोक आजही विचारतात, एवढे शिकलेले सोडून तुलाच कसं पाठवलं? मी ताठ मानेनं सांगतो, मी काहीही खायचो म्हणून.

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. मी भिवंडीत एका कारखान्यात लूमचा फिटर होतो. आमच्या सेठनं जपानी लूम आणायचं मनावर घेतलं होतं. आपल्या साध्या लूमवर धोटा इकडून तिकडे आपटत धागा नेतो, या नव्या लूमवर ते काम पाण्याची बारीक पिचकारी करते. सेठनं फोटो दाखवला तेव्हा आम्हाला वाटलं, आपली थट्टा चाललीय. पण बयाणा देऊन झाला होता, आणि लूम येण्याआधी एकानं तिकडच्या कारखान्यात सहा महिने राहून काम शिकायचं होतं.

धामणकर नाक्याजवळ सेठचं ऑफिस कारखान्याच्या माळ्यावर होतं. खाली शिफ्ट चालू असली की वर ओरडूनच बोलावं लागे. सेठ कोकणी मुसलमान, पिढ्यानपिढ्या इथलाच. त्यानं तिघांना बोलावलं: डिग्रीवाला इंजिनिअर, स्वतःचा पुतण्या आणि मी.

"तिकडं कच्ची मच्छी खातात म्हने," सेठ ओरडला. "बोला, कोन जातो?"

इंजिनिअर अंड्यालाही शिवत नसे. तो खिडकीबाहेर बघायला लागला. पुतण्या म्हणाला, "चाचा, हलालचं काय? सहा महिने काय पाव खाऊन काढू?"

"आनि तू रं?"

"सेठ, दगड सोडून मी काय पन खातो," मी म्हणालो.

सेठ हसला. "बस. पासपोर्ट काढ."

मी उगाच फुशारकी मारली नव्हती. भिवंडीत वाढलेल्याला खाण्याची भीती कोणी दाखवू नये. आमच्या गल्लीत सकाळी एका घरातून मटणाच्या नहारीचा वास यायचा, दुसऱ्यातून तेलुगू विणकरांच्या चिंचेच्या साराचा. पलीकडच्या खोलीत उत्तर प्रदेशातले लूमवाले ड्युटीवरून येऊन सत्तू कालवायचे. मी सगळ्यांच्या ताटात हात घातलेला होता. आमच्या घरी तर जवळा, सुकट, बोंबील वर्षभर. आई म्हणायची, ह्याच्या पोटात काय पन टाका, गिरनीत टाकल्यासारखं हाय.

आईला माझ्या जाण्याची जराही चिंता नव्हती. बाबासाहेबांनी आम्हाला बुद्ध दिला आणि आता मुलगा बुद्धाच्या देशाला निघाला, एवढंच तिला दिसत होतं. "तिथं आपलीच मानसं हायत," ती सगळ्यांना सांगत फिरली. "बुद्धाच्या देशात कोन कोनाला उपाशी ठेवत न्हाय." तरी निघताना तिनं सुकटीची पुडी माझ्या बॅगेत खुपसली. मी ती काढून ठेवली. काहीही खाणारा म्हणून निवड व्हायची आणि बॅगेत सुकट न्यायची, हे मला पटेना. पुढे त्या पुडीची किती आठवण आली म्हणून सांगू!

कारखाना समुद्रकाठच्या एका लहानशा गावात होता. पहिल्या संध्याकाळी माझ्या स्वागताला मोठ्या साहेबांनी कच्च्या माशाचे काप मांडले. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पटापट चार काप गिळले, हसलो, पाचवाही उचलला. आत पोट म्हणत होतं, अरे हे काय चाललंय? पण भिवंडीची लाज राखली.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी नाश्त्याला झाली. वाटीत आंबवलेलं सोयाबीन होतं. काड्यांनी उचललं की त्याला चिकट तारा सुटायच्या, आणि त्या तुटायचं नाव घेत नसत. मी हात डोक्याच्या वर नेला तरी तारा वाटीपर्यंत होत्याच. असा न तुटणारा धागा आमच्या लूमला मिळाला असता तर सेठनं पेढे वाटले असते. वास मात्र आठवडाभर पिशवीत राहिलेल्या ओल्या बनियनचा. शेजारी कच्चं अंडं. ते गरम भातावर फोडून तसंच खायचं. दुपारी समुद्रातल्या गवताचं सार, मग काहीतरी करडं, थुलथुलीत, ज्याला चवच नव्हती आणि जे दाताखालून निसटून जायचं. चव असायची तिथे साखर. माशात साखर, भाजीत साखर, ऑम्लेटात साखर! मिरची या देशात कुणी पाहिलीच नव्हती की काय, कोण जाणे. सारखं बुळबुळीत, गोड आणि गार खाऊन माझी ती नावाजलेली गिरणी बंद पडली.

मी नुसता भात खायला लागलो. त्याबरोबर खारवलेलं एक आंबट फळ मिळायचं, आमसुलाच्या जवळचं, तेवढंच तोंडाला बरं वाटायचं. बाकीचं ताटात राहायचं. आणि त्या कॅन्टीनमध्ये ताटात काही टाकणं म्हणजे मोठं पाप. जेवून झालं की आपलं ताट खिडकीत नेऊन द्यायचं. तिथे पांढरा रुमाल बांधलेली एक म्हातारी उभी असायची, ठेंगणी, आमच्या आईच्या आईच्या वयाची. ती आधी ताटाकडे बघायची, मग माझ्या तोंडाकडे. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघायची.

माझी पॅन्ट कमरेवरून घसरायला लागली. एकदा लूमसमोर उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली बसलो. त्या दिवशी इंग्रजी जाणणाऱ्या एका साहेबानं मला केबिनमध्ये बोलावलं. त्याचं इंग्रजी तोडकं, माझं त्याहून तोडकं, म्हणून सगळं स्वच्छ कळलं. चालू मशीनपुढे अशक्त माणूस आम्ही उभा करत नाही, तो म्हणाला. महिनाअखेरपर्यंत तब्येत सुधारली नाही तर तुमच्या मालकाला दुसरा माणूस पाठवायला सांगू.

शिकायला कमी पडून परत गेलो असतो तर लोकांनी एखाद वेळेस समजून घेतलं असतं. पण मी खाण्याच्या बळावर आलो होतो. "दगड सोडून काय पन" म्हणणारा जेवला नाही म्हणून परत आला, हे नाक्यावर कळलं की संपलंच. इंजिनिअर जन्मभर दात काढणार. आणि नवे लूम दुसऱ्याच्या हातात जाणार, याचं दुःख तर सांगायलाच नको. तोवर त्या पाण्याच्या लूमवर माझा जीव जडला होता.

त्या संध्याकाळी मी ठरवलं, खिडकीतल्या म्हातारीशी ओळख करायची. आपल्याकडे कुठल्याही खानावळीत वाढणारीशी दोन शब्द बोला, ताटात बरं पडतं. हा नियम जगभर चालत असणार याची मला खात्री होती. मी रिकामं ताट खिडकीत ठेवून तिच्यासमोर उभा राहिलो, छातीवर हात ठेवला आणि माझं नाव सांगितलं. पुन्हा छाती थोपटली, पुन्हा नाव सांगितलं. मग तिच्याकडे बोट करून भुवया उडवल्या. म्हणजे, तुम्ही कोण?

तिनं दोन्ही हातांत, छातीशी, एक ट्रे धरला होता. ती म्हणाली, "आजी."

मी उडालोच. "आजी?"

"आजी, आजी," तिनं मान डोलावली. आणि ट्रेमधला मासा माझ्या ताटात वाढला.

मधोमध चिरून उघडलेला, पावाचा चुरा लावून कडकडीत तळलेला मासा. आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ म्हणा. गरम. कुरकुरीत. खारट! साखरेचा कण नाही. मी तो खाल्ला, शेपटी खाल्ली, काटे चोखले, ताटातला चुरा बोटानं टिपला. ताट द्यायला गेलो तर म्हातारीनं तोंडावर हात धरला होता आणि ती हसत होती. "आजी!" मी म्हणालो. तिनं आणखी एक मासा वाढला. माझे डोळे भरून आले. मी ते मिरचीवर ढकललं असतं, पण तिथे मिरची कुठली?

रविवारी आई धामणकर नाक्यावरच्या एसटीडी बूथमध्ये येऊन माझ्या फोनची वाट बघायची.

"आई, इथं पन आजीला आजीच म्हनतात!" मी ओरडलो.

"मंग! मी सांगत न्हवते? बुद्धाचा देश हाय तो." मग लगेच, "जेवतोस ना रं?"

"आजी वाढते मला. रोज मच्छी."

आईनं ही बातमी आमच्या विहारात नेली. तिथे पाली शिकलेले एक वडीलधारे गृहस्थ होते. पालीत आजीला 'अय्यिका' म्हणतात, त्यांनी सगळ्यांना समजावलं. भिक्खू तिकडे गेले, त्यांच्याबरोबर शब्दही गेला. आमच्या वस्तीत त्यावर खूप टाळ्या पडल्या. पुढच्या रविवारी आईनं मला ते सगळं ऐकवलं आणि माझी छाती अशी फुगली की जणू तो शब्द मीच उचलून जपानला नेला होता.

तेव्हापासून माझा परिपाठ ठरला. कॅन्टीनच्या दारातूनच हाक मारायची, "आजी!" खिडकीतून उत्तर यायचं, "आजी!" आणि गरम तळलेला मासा यायचा. इतरांच्या ताटात कधी कोंबडी, कधी शेवया, कधी ते करडं थुलथुलीत. माझ्या ताटात मासा ठरलेला. नात्याचा फायदा, दुसरं काय? अंगावर मांस चढलं. पॅन्ट जागेवर आली. महिनाअखेर साहेबानं मला नीट न्याहाळलं आणि परत पाठवायची भाषा बंद झाली. मी लूम उघडून जोडायला लागलो, पिचकारीचा नेम डोळे मिटून लावायला लागलो. आजीच्या दोन वाढण्यांच्या मध्ये मी सगळं काम शिकलो असं म्हटलं तरी चालेल.

जायचे दिवस जवळ आले तेव्हा तो साहेब चहा पिताना म्हणाला, "एक विचारू? तुम्हाला दुसरं काहीच का आवडत नाही?"

"म्हणजे?"

"कारखानाभर बोलतात. हा भारतीय दारातून माशाचं नाव घेऊन ओरडतो. अजी, अजी! कॅन्टीनमध्ये तो मासा क्वचित असतो. ती बाई पहाटे बंदरावर जाऊन फक्त तुमच्यासाठी आणते. म्हणते, माशावर एवढं प्रेम करणारा माणूस मी पाहिला नाही."

अजी म्हणजे मासा. त्या तळलेल्या माशाचं नाव.

मी चहाचा कप खाली ठेवला. त्याला म्हातारीशी ओळख केली त्या संध्याकाळची गोष्ट सांगितली, छाती थोपटून दाखवली. तो खदखदून हसला. "आम्ही 'मी' म्हणताना छातीला हात लावत नाही, नाकावर बोट ठेवतो," असं म्हणून त्यानं आपल्या नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवून दाखवलं. "तिला वाटलं असेल, पोट रिकामं आहे म्हणताय, आणि ट्रेमध्ये काय ते विचारताय."

मीही हसलो. मग ध्यानात आलं. इतके महिने मी जिला आजी समजून हाक मारत होतो, ती माझ्या हाकेला माशाची ऑर्डर समजत होती. आणि तरी पहाटे उठून बंदरावर जात होती. नात्याची म्हणून नाही. एक परका पोरगा ताट पुसून खातो, एवढ्यासाठी. विहारातली टाळ्यांची गोष्ट मात्र तशीच राहू दिली. अय्यिका आमच्या वस्तीत अजूनही जपानला जाऊन येते आणि मी मध्ये पडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दारात आवाज न करता गेलो. ओरडायचं कोणत्या तोंडानं? म्हातारीनं खिडकीतून मान बाहेर काढली, माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पॅन्टकडे. तिला वाटलं, पुन्हा बिघडलं याचं. तिच्या चेहऱ्यावरची काळजी मला बघवेना. मी जोरात हाक मारली, "आजी!" आणि ती कामाला लागली.

शेवटच्या जेवणाला मी साहेबाला बरोबर नेलं. लूम भिवंडीला निघाले होते, तिथे जवळच्या वळ गावात सेठची नवी शेड तयार होती, दुसऱ्या दिवशी माझं विमान होतं. ताट पुसून खाल्लं, खिडकीत ठेवलं आणि साहेबाला म्हटलं, तिला एवढंच सांगा, आमच्या भाषेत आजी म्हणजे मासा नव्हे. आजी म्हणजे आईची आई.

साहेब सांगत होता तेव्हा ती फडक्यानं कट्टा पुसत होती. फडकं थांबलं. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. माझ्या ताटाकडे बघितलं, रोजच्यासारखं, मग माझ्या तोंडाकडे. फडकं बाजूला ठेवून हात पदराला, म्हणजे त्या पांढऱ्या एप्रनला, पुसले. मग एक बोट उचललं आणि हळूच आपल्या नाकावर ठेवलं.

"हो आजी," मी म्हणालो. "तूच."