बडे बाबूंचं नाक आणि स्टेशनची बाग

छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरो गेजच्या, स्टेशनात नोकरी केलेल्या माणसाजवळ इतके किस्से कुठून येतात, असं मला पोरं विचारतात. अरे, एक गाडी गेली की दुसरी येईपर्यंत आम्ही करणार काय? बोलणार! आज फक्त बडे बाबूंच्या बागेचं सांगतो.

स्वातंत्र्याला चार-सहा वर्षं झाली असतील. सौंदडच्या पुढच्या एका स्टेशनात मी छोटे बाबू होतो आणि रहांगडाले स्टेशनमास्तर, म्हणून ते बडे बाबू. टायफॉइडनं त्यांचं नाक नेलं होतं. म्हणजे नाक जागेवर होतं, वास गेला होता! आणि या गृहस्थानं प्लॅटफॉर्मच्या कडेनं लावलं काय? गवती चहा, मरवा, कापूरतुळस आणि कोपऱ्यात निलगिरी.

मी एकदा सरळ विचारलं, “बाबू, हे कायले?”

म्हणाले, “गोंदियाचा डाक्टर म्हणते, वास येईन त आपोआप येईन. आता येईन तवा जवळ काही असाले पायजे ना!”



*

बागेत पानं तयार झाली की नाहीत, हे ते नाकानं कसं ओळखणार? त्यांची रीत वेगळी होती. पान वाळवायचं, चुरगळायचं, हातबत्तीच्या ज्योतीवर धरायचं आणि कान लावून ऐकायचं. तडतड जोरात झाली, ज्योत भडकली, की पानात तेल भरलं!

एकदा तिकिटाला आलेल्या एका शेतकऱ्यानं खिडकीतून हे पाहिलं. पान जळतंय, बाबू डोळे मिटून ऐकतायत. त्यानं बाहेरूनच हात जोडले. “महाराज, माह्या बैलाची बी नजर उतरवून द्या!”

बाबूंनी त्याला तिकीट दिलं, वर गवती चहाची जुडी दिली. “चहात टाकून पिजो. तू पिजो, बैलाले नको देऊ!”

*

रुळांचे सांधे बदलणारा आमचा पॉइंट्समन गोमा जरा वात्रट होता. एक दिवस रॉकेलात बुडवलेला बोळा घेऊन आला. “बाबू, नागपूरचं अत्तर. पाहा बरं कसं आहे!”

बाबूंनी बोळा नाकाजवळ नेला, लांब श्वास घेतला. आम्ही ओठ दाबून उभे. मग त्यांनी बोटं एकमेकांवर घासली, बत्तीकडे पाहिलं आणि म्हणाले, “अत्तर बरं आहे. पण लावून बिडी पेटवू नको, गोमा!”

सगळे हसले. गोमा मात्र हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून न सांगता बागेला पाणी घालायला लागला.

*

आमचा इंजिन ड्रायव्हर छत्तीसगढकडचा होता. त्याला कापूरतुळशीच्या वाळक्या काड्या फार आवडत. शेगडी पेटवायला नेत असे. “बाबूजी, आपका पौधा तो माचिस देखते ही जल जाता है!”

बाबूंना या स्तुतीनं भलताच आनंद होई. वासाची तारीफ त्यांना कळत नसे, पण जाळाची कळे.

*

रोज सकाळी बाबू मरव्याचं पान तोडून नाकाशी धरत. प्लॅटफॉर्मला लागून असलेल्या घराच्या दारातून वहिनी, म्हणजे बाबूंची बायको, विचारत, “आला का?”

“नाही. लेट आहे!”

स्टेशनात पडेल ते काम करणारा नवा खलाशी बिचारा रुळावर जाऊन गाडी बघून यायचा. आम्ही हसायचो. वहिनी हसत नसत. 

*

उन्हाळा लागला तसे एक इन्स्पेक्टर आले. लाइनीजवळ वाळकं गवत पाहून म्हणाले, “हे सगळं कापून टाका. इंजिनाची ठिणगी पडली तर?”

बाबू एरवी साहेबापुढे तोंड उघडत नसत. त्या दिवशी हात जोडून म्हणाले, “साहेब, चैत जाऊ द्या. आताच पानात तेल भरून राहिलं. माह्यं नाक उघडलं त आताच उघडन.”

 साहेब म्हणाले, “चैत्र संपला की कापा.”

*

चैत्र संपायच्या आतच ठिणगी पडली. दुपारची गाडी निघाली आणि गवती चहा पेटला. पाहता पाहता कापूरतुळस, मग निलगिरी! तडतड अशी की स्टेशनभर फटाके लागल्यासारखं. मी, गोमा, वहिनी, उतरलेले पॅसेंजर, सगळे विहिरीपासून रांग लावून बादल्या देत होतो. लिंबाचा, कापराचा असा वास सुटला होता की गोमाची जुनी सर्दी तिथल्या तिथं मोकळी झाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाबू सगळ्यांत पुढे, जाळाच्या तोंडाशी. एवढ्या वासात त्या माणसाला काहीच कळत नाही, या विचारानं मला रडू येत होतं.

आग आटोक्यात आली. बाबू काळ्या पडलेल्या झाडांमध्ये रिकामी बादली घेऊन उभे राहिले.  एकाएकी त्यांनी मान घराकडे वळवली आणि ओरडले,

“अवं, चुलीवरची भाजी करपून राहिली ना!”

वहिनींनी चुलीवर वांगी ठेवली होती, हे बाबूंसकट आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या हातातली बादली खाली ठेवून तिथंच, ओल्या राखेत बसल्या आणि तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडायला लागल्या.

भाजी त्या दिवशी कोणी उतरवलीच नाही.