थोरल्याकडचं कॅबिनेट

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला काच कशाला लागते, हे मला अजून कळलेलं नाही. तरी मी दोन बाजूंनी काच असलेलं कॅबिनेट घेतलं. भांडुपच्या आमच्या दोन खोल्यांत भिंतींना पोपडे आलेत, खिडकीबाहेर शेजारच्या बिल्डिंगचे ड्रेनेजचे पाइप दिसतात, आणि या थाटात एक काचेचा पेटारा, आत रंग बदलणारे पंखे. लग्नाच्या हॉलमधल्या स्टेजसारखा. बायको पहिल्याच दिवशी म्हणाली, "यात मासे कधी सोडणार?"

मी बिल्डरांच्या जाहिरातींसाठी अजून न बांधलेल्या घरांची चित्रं तयार करतो. खोटं बोलण्याचाच धंदा, फक्त तोंड उघडावं लागत नाही, म्हणून मला जमला. माझ्या चित्रांतल्या घरांत बाल्कनीत कपडे वाळत नसतात, खिडकीला ग्रिल नसतं, सोफ्यावर कोणी म्हातारं माणूस पाय वर घेऊन बसलेलं नसतं. असं एक चित्र पुरं व्हायला मशीन तासन् तास राबतं आणि राबलं की तापतं. ऑफिसने जागा सोडून सगळ्यांना घरी बसवलं, तेव्हापासून हे तापणं आमच्या बाहेरच्या खोलीत आलं.

त्या खोलीत आधीपासून दोन गोष्टी होत्या. एक आईचा दिवाण आणि दुसरा त्याच्या उशाशी देव्हारा. देव्हाऱ्यात कुलदेवतेचे टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेल्या छोट्या मूर्ती. वडील गिरणीत लागले तेव्हा गावाहून आणलेल्या. आमच्याकडे देव थोरल्याकडे राहतात. याला कारण विचारायचं नसतं. धाकटा मुलुंडला चांगल्या मोठ्या घरात राहत असला तरी देव माझ्याकडे, आणि देव आहेत म्हणून आई माझ्याकडे. ती रोज संध्याकाळी निरांजन लावायची, अगरबत्ती लावायची आणि मग निखाऱ्यावर धूप घालून तो दोन्ही खोल्यांत फिरवायची.

मशीनमधला जुना पंखा विमानासारखा ओरडायचा. घाटकोपरला माझा एक मित्र राहतो. पन्नाशी उलटली तरी इंटरनेटवर पोरासोरांचे कॉम्प्युटर जोडायचे व्हिडिओ बघत बसतो आणि त्यांच्यासारखाच बोलतो. त्याने सांगितलं की जुना डबा फेकून दे, मशीनच्या आत पाण्यावर चालणारा छोटा कूलर बसव, कॅबिनेट हवेशीर घे. हवेशीर म्हणून त्याने जे सुचवलं ते हे काचेचं. काचेतून हवा कशी जाणार हे मी विचारलं नाही. मी कोणाला काही विचारत नाही, हा माझा स्वभाव म्हणून नातेवाइकांत नावाजला जातो. शांत आहे हो अगदी, असं म्हणतात. शांत कसला, घुम्या आहे मी.

कूलर मी स्वतः बसवला. प्रोसेसरवर, म्हणजे मशीनच्या तापणाऱ्या मेंदूवर, टेकणारी त्याची तांब्याची पट्टी आरशासारखी चकचकीत होती. प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावली, पट्टी टेकवली, स्क्रू पिळले. मित्र व्हिडिओ कॉलवर बघत होता आणि मला न विचारता स्वतःच्या मशीनचे रंगीत पंखे दाखवत होता. पंखे फिरले, दिवे लागले, खोलीची वाट लागली. नवीन कूलर बसवून मशीन पूर्वीपेक्षा जास्त तापायला लागलं. काम निम्म्यात बंद पडायचं.

कोणत्याही शहाण्या माणसाने नवीन कूलरवर संशय घेतला असता. पण आमच्या घराण्यात नवीन वस्तूत खोट नसतेच. खोट असते ती जुन्या माणसात.

मित्राला फोन केला तर त्याने सगळ्यात आधी विचारलं, "घरात अगरबत्ती लावता?"

मी हो म्हणालो. त्याने नुसतं "संपलं" म्हटलं. मग पुढे बराच वेळ हवेचा दाब, धुराचे कण, तेलकट थर असलं काहीबाही सांगितलं. त्याच्या घरात संध्याकाळी काय लावतात हे मला माहीत आहे. टीव्ही. पण मी कॅबिनेटच्या पुढची, धूळ अडवणारी जाळी काढून पाहिली आणि ती खरंच काळी होती. आणखी काय पुरावा हवा? शेजारून हमरस्ता जातो, वर मेट्रोचं काम चालू, स्वयंपाकघरातली फोडणी दिवसातून तीनदा बाहेर येते, यातलं काही मला त्या काळेपणात दिसलं नाही. मला धूप दिसला.

आईला मी काही बोललो नाही. हेच सांगायचं आहे मला. बोललो असतो तर ती भांडली असती. ती भांडायला कमी नव्हती, गिरणीच्या संपात बाजार कसा आणायचा यावरून तिने अख्खी चाळ अंगावर घेतली होती. मी फक्त रोज संध्याकाळी धूप फिरवून झाला की जाळी काढायचो आणि तिच्या दिवाणासमोर बसून जुन्या टूथब्रशने झाडायचो. सावकाश. वर्तमानपत्र पसरून, म्हणजे त्यावर पडलेली काजळी नीट दिसावी.

आईने आधी धूप बंद केला. मी जाळी झाडत राहिलो. मग अगरबत्ती बंद झाली. नंतर निरांजन लावून ती लगेच स्वयंपाकघरात नेऊन गॅसच्या बाजूला ठेवायला लागली, आणि देव्हारा बाहेर अंधारात. तरी मशीन तापतच होतं आणि मी झाडतच होतो. बायको एकदा म्हणाली, "अरे, म्हातारीला तोंडाने तरी सांग ना काय ते." मी म्हणालो, मी कुठे काय म्हणतोय. खरंच होतं ते. मी काही म्हणत नव्हतो.

एका रविवारी धाकटा आला होता. जेवण झाल्यावर आईने त्याला सांगितलं की काही दिवस देव तुझ्याकडे ने, मीही येते. धाकटा माझ्याकडे बघायला लागला. थोरला जिवंत असताना देव धाकट्याकडे जाणं म्हणजे आमच्यात वाटणीच झाली म्हणायची. मी नाही म्हणायला हवं होतं. निदान का ते विचारायला हवं होतं. मी पाणी प्यायलो. आईने टाक लाल कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवले आणि मला एवढंच म्हणाली, "तुझ्या कामाक अडचण नको, झिला."

नातेवाइकांना चघळायला मिळालं. गावाहून काकांचा फोन आला, मी त्यांना कामाच्या स्वरूपाबद्दल काहीतरी सांगितलं. इंग्रजी शब्द पुष्कळ घातले, त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला. आईचा दिवाण काढून तिथे मी कॅबिनेट भिंतीपासून लांब, मोकळं ठेवलं. आणखी दोन पंखे आणले. देव नाहीत, धूर नाही, म्हातारी नाही, चारी बाजूंनी हवा. मशीन तसंच तापत राहिलं.

शेवटी पेस्ट बदलून बघावी म्हणून मी कूलर उघडला. पट्टीवर पेस्ट होती, पण तिच्याखाली काहीतरी सुरकुतलेलं दिसलं. नखाने खरवडलं तर पारदर्शक प्लास्टिकचा एक पापुद्रा निघून आला. कारखान्यातून येताना पट्टीला चरे पडू नयेत म्हणून लावलेला. बसवण्याआधी काढायचा असतो, तसं त्याच्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलंही होतं. प्रोसेसरची उष्णता तांब्यापर्यंत पोचायची कशी? मध्ये मी प्लास्टिक ठेवलं होतं.

आमच्या घरात टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे. फ्रिजच्या हँडलचं प्लास्टिक आपणहून फाटलं तेव्हा गेलं. धाकट्याने गाडी घेतली तिच्या सीटवरचं कव्हर उन्हात चिकटून मांडीची सालं निघतात, पण काढायचं नाही, नवी राहते. वस्तू नवी ठेवण्यापायी ती कधीच न वापरणारी आमची जात. त्या पट्टीवर प्लास्टिक आहे हे मला बसवताना दिसलं नव्हतं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. दिसलं होतं. असू दे, म्हटलं होतं मनात.

पुसून, नवीन पेस्ट लावून कूलर बसवला. मशीन गार. चित्र रात्रीतून पुरं व्हायला लागलं, पंख्यांचा आवाजसुद्धा येईना.

त्याच आठवड्यात बायको म्हणाली, "खरंच की रे. आई गेल्या आणि थंड झालं. मला वाटलं होतं तू उगाच करतोस."

तेव्हा सांगता आलं असतं. मी "हं" म्हणालो.

हे "हं" बायकोने धाकट्याच्या बायकोला सांगितलं आणि तिथून ते आईकडे पोचलं. आईचा फोन आला. मशिनीचो ताप उतारलो मा, असं विचारलं. उतरला म्हटलं तर तिला इतकं बरं वाटलं की मला फोन कानाशी धरवेना. तिच्यामुळे मुलाचं काम अडलं होतं, आता सुटलं, याचा तो आनंद. मशीन गार झाल्याचं मित्रालाही कळवलं होतं मी, तर काही महिन्यांनी त्याने त्यावर व्हिडिओ करायचं ठरवलं. भारतीय घरातली पूजा आणि तुमचा कॉम्प्युटर. माझं मशीन उदाहरण म्हणून दाखवायचं म्हणाला. लोकांनी बघितला तर आणखी किती म्हाताऱ्या मुलुंडला जातील, हा विचार पहिल्यांदा तेव्हा माझ्या डोक्यात आला. त्याला नको म्हणालो. कारण विचारलं तर पहिल्यांदा खरं सांगितलं. तो इतका हसला की त्याला खोकला लागला. मग मला म्हणाला, "यार, हे तू आईला सांगितलंस?"

त्या माणसाकडून मला कधी कसली अपेक्षा नव्हती. पण एवढं तरी त्याला सुचलं, मला नाही.

मुलुंडला गेलो. धाकटा, त्याची बायको, आई, सगळे बसले होते. मी चहा यायच्या आधी सांगून टाकलं. धूर नव्हताच, प्लास्टिक होतं, मी काढलं नव्हतं, आणि हे मला कळून बरेच महिने झाले. कोणाला नीट कळेना, तेव्हा हाताने दाखवलं, इथे गरम, इथे तांबं, मध्ये हे.

धाकटा म्हणाला, "दादा, म्हणजे आम्ही एवढे दिवस तुझ्या प्लास्टिकच्या कृपेने देव सांभाळतोय?" त्याच्या बायकोने पदर नसतानाही पदर धरल्यासारखा तोंडावर हात धरला. आई हसली नाही. तिने कोपऱ्यातल्या देवांकडे हात केला. "मी त्येंका सांगलंय, थोरल्याक अडचण आसा म्हणान. आता तू सांग काय ता. नारळ आण."

गाऱ्हाणं घालायचं म्हणजे आमच्याकडे देवासमोर उभं राहून सगळं मोठ्याने बोलायचं असतं. मनातल्या मनात चालत नाही. घरची माणसं मागे उभी राहतात आणि प्रत्येक वाक्याला होकार भरतात. मी आयुष्यात कधी घातलं नव्हतं, वडील घालायचे, नंतर काका. खाली जाऊन नारळ आणला. उभा राहिलो.

"बा देवा म्हाराजा," म्हणालो आणि अडलो. मागे तिघं थांबली होती. "मी नवीन कूलर आणला."

"व्हय म्हाराजा," आई खणखणीत म्हणाली. तिच्यामागून दबक्या आवाजात बाकीचे दोघे.

"त्याचं प्लास्टिक काढलं नाही."

"व्हय म्हाराजा."

"दोष आईच्या धुपाला दिला. तोंडाने दिला नाही. करून दाखवला."

या खेपेला धाकट्याचा आवाज आला नाही. आईचा आला, तसाच, वाण्याकडे यादी सांगताना येतो तसा. "व्हय म्हाराजा."

मग मी देवांना माझ्या घरी परत यायला सांगितलं आणि नारळ फोडला. तो नीट फुटला नाही, दुसऱ्या फटक्यात फुटला. आईने टाक पुसून डब्यात भरले आणि डबा माझ्या हातात दिला. मी म्हणालो, तुझी पिशवी भर, खाली रिक्षा बघतो.

"देव घेवन जा," ती म्हणाली. "मी हयच रवतंय."

मी म्हणालो, आता धूप घाल, काय वाट्टेल ते घाल.

"माका कळला ता. पण हय कोण माझ्या तोंडार जाळी झाडणा नाय."

रागाने नाही म्हणाली. ती नारळाची वाटी खवणीवर धरून बसली होती आणि सुनेला विचारत होती की संध्याकाळी सोलकढी करायची का.

आता देव माझ्याकडे आहेत. नातेवाईक खूश आहेत, वाटणी टळली म्हणतात. कॅबिनेट मी बायकोच्या म्हणण्यावरून कोपऱ्यात ढकललं आणि दिवाण परत टाकला. त्यावर इस्त्रीचे कपडे पडतात. बायको संध्याकाळी उशिरा येते, तेव्हा दिवा मला लावावा लागतो. मला वात वळता येत नाही, विकतच्या आणतो. त्या फार लवकर विझतात.

आई रोज फोन करते. मशीनचं विचारत नाही. "दिवो लावलंस?" एवढं विचारते. लावला असेल तर लावला म्हणतो. काल कामात विसरलो होतो, नाही लावला म्हणालो.

"मगे आता लाव," म्हणाली आणि फोन न ठेवता थांबली.