मामूंचा रविवारचा खेळ

मराठी सिनेमाचं तिकीट तुम्ही स्वतःच्या पैशाने, खेळाच्या आधी निदान दोन दिवस, शेवटचं कधी काढलं होतं? उत्तर मला देऊ नका, स्वतःला द्या, पण खरं द्या. कारण इथे अमिरातीत मराठी सिनेमा चालतो की पडतो हे निर्माते ठरवत नाहीत, नट ठरवत नाहीत, आणि मुंबईत बसून परीक्षणं लिहिणारे तर मुळीच ठरवत नाहीत. गेली कित्येक वर्षं ते एकट्या माणसाने ठरवलं, आणि तो माणूस म्हणजे माझ्या रूममेटचे मामू. सिनेमाच्या धंद्यात त्यांचा एक पैसाही गुंतलेला नव्हता. त्यांचं नाव कुठल्या पोस्टरवर नव्हतं, कुठल्या मंडळाच्या कार्यकारिणीत नव्हतं. पण त्यांनी मनावर घेतलं की दुबईतल्या अल बर्शाच्या मॉलमध्ये मराठी सिनेमाला रविवारचा एक खेळ मिळायचा, आणि ते रजेवर गावी गेले की तो खेळ मिळत नसे. इतकं साधं गणित होतं.

मामू श्रीवर्धनजवळच्या एका गावचे. मिसरूड फुटायच्या वयात इथे आले आणि दाढी पांढरी झाली तरी इथेच होते. मामी आणि मुली गावी, भाचा माझ्या खोलीत, आणि मामू आमच्यापासून दोन इमारती सोडून. खाद्यपदार्थ आणणाऱ्या एका कंपनीत ते विक्रीचं काम बघत. म्हणजे दिवसभर दुकानं आणि सुपरमार्केटं फिरायची, फळ्यांवर आपला माल नीट मांडला आहे का ते पाहायचं. या नोकरीचा त्यांनी जो उपयोग केला तो त्यांच्या कंपनीला शेवटपर्यंत कळला नाही. ते भाजणीच्या फळीजवळ उभे राहत. मामूंचा सिद्धांत असा की लोणचं कोणीही घेतो, पापड कोणीही घेतो, पण थालीपिठाच्या भाजणीला हात घालणारा माणूस मराठीच असतो. हात पाकिटाला लागला रे लागला की मामू पुढे होत आणि अत्यंत अदबीने विचारत, "नमस्कार, रविवारी दुपारी काय करताय?"

एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. ठाण्याच्या एक बाई भाजणीचं पाकीट उलटून तारीख वाचत होत्या. मामूंची दाढी, टोपी आणि शुक्रवारचा पांढरा जुब्बा पाहून त्या दचकल्या आणि हिंदीत म्हणाल्या, "भाईसाब, मुझे कुछ नहीं चाहिए." मामू हसले. "ताई, मराठीत बोला, मी घरचाच आहे. रविवारी आपला सिनेमा लागतोय." बाई ओशाळल्या आणि त्यांनी तिकीट काढलं. मामू त्यावर पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. मी बोलतो. भाषा कोणाची, याची उत्तरं आपण माणसाची टोपी बघून देतो, आणि ज्याला आपण बाहेरचा समजतो तोच आपल्या भाषेसाठी सुपरमार्केटात पायाचे तुकडे पाडत उभा असतो. याची लाज वाटायला हवी.

सिनेमा चांगला आहे का, हा प्रश्न मामूंना चालत नसे. कोणी विचारलंच तर ते म्हणत, "लग्नाला जाताना विचारतोस का, नवरी चांगली आहे का? आमंत्रण आलं की जायचं." तिकिटाच्या दिरहॅमचे रुपये करणाऱ्या माणसाचा तर त्यांना फार राग. आमच्या इमारतीत एक गृहस्थ आहेत, ते तिकिटाची किंमत ऐकली की डोळे मिटून गुणाकार करत आणि म्हणत, "एवढ्यात पुण्यात चौघं बघून येतील." मामू त्यांना म्हणाले, "काल शावर्मा खाल्लात तेव्हा नाही केलात गुणाकार. पुण्यात बघायचा तर पुण्यात राहा." आणि सगळ्यांत जास्त राग 'इन्शाल्ला'चा. आपल्या लोकांनी इथे येऊन अरबीतला हा एकच शब्द मनापासून आत्मसात केला आहे, आणि तो नाही म्हणण्यासाठी. सदाशिव पेठेतला माणूससुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर 'इन्शाल्ला नक्की' लिहितो आणि घरी झोपतो. मामू ग्रुपवर लिहीत, "अल्लाचं नाव घेऊन थापा मारू नका. यायचं नसेल तर सरळ नाही म्हणा. अल्लाही रागावणार नाही, मीही नाही."

पण त्यांची सर्वांत विलक्षण सवय थिएटरात दिसे. सिनेमा सुरू झाला की मामू पुढच्या दाराजवळच्या पायऱ्यांवर पडद्याकडे पाठ करून उभे राहत आणि अडीच तास प्रेक्षकांकडे बघत. नवीन आलेला कर्मचारी बॅटरी घेऊन येई, "अंकल, सीट पे बैठो," म्हणे. जुना कर्मचारी त्याला बाजूला घेऊन काहीतरी समजावी, आणि मग त्यांना कोणी हटकत नसे. त्यामुळे इतक्या वर्षांत इथे आलेला प्रत्येक मराठी सिनेमा मामूंनी पाहिला आणि एकाचीही गोष्ट त्यांना सांगता येत नसे. विचारलं तर म्हणत, "मधल्या रांगेतल्या आजी रडल्या. त्यांचा नातू आधी फोन बघत होता, मग त्याने तो खिशात ठेवला." त्यांच्या लेखी हेच परीक्षण. मी त्यांना एकदा म्हणालो, मामू, निदान एकदा तरी वळून पडदा बघा. ते म्हणाले, "पडदा काय, तो मुंबईतही आहे. ही माणसं एका जागी इथे फक्त रविवारी असतात."

हा देश लहान आहे. अबू धाबीहून शारजाला गाडीने जा, एक सिनेमा संपायच्या आत पोचाल. पण इथल्या गल्ल्याकडे मुंबईचं आणि कोचीचं बारीक लक्ष असतं, कारण इथे घरापासून लांब राहणारा, पगारदार, आठवणीने हळवा झालेला प्रेक्षक आहे. हिंदी सिनेमा इथे नांदतो. मल्याळम सिनेमा तर राज्य करतो. मराठीला मिळतो एक खेळ, तोही अटींवर. थिएटरचा मॅनेजर त्रिशूरचा, मामूंचा जुना स्नेही. तो मामूंना नेहमी सांगे, "अंकल, हमारा आदमी पहले टिकट लेता, बाद में पूछता पिक्चर कैसा है. आपका आदमी पहले सब पूछता, बाद में टिकट भी नहीं लेता." मामू ते ऐकून घेत आणि त्याला कोकमाची बाटली देत.

मागच्या हिवाळ्यात कंपनीने मामूंना निवृत्त केलं. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि व्हिसा संपला की माणूस परततो. त्यात कोणाचा दुष्टपणा नाही, तशी रीतच आहे. मामूंच्या हातात एक महिना उरला होता. त्या महिन्यात एक मराठी सिनेमा येत होता, आणि मामूंनी त्रिशूरच्या मित्राकडून शेवटचं दान मागून घेतलं. रविवारी दुपारचा एक खेळ. शनिवार रात्रीपर्यंत अर्धा हॉल आगाऊ विकला गेला, तर यापुढे दर मराठी सिनेमाला रविवार कायमचा, मामू असोत की नसोत. नाही विकला गेला, तर खेळ रद्द आणि मराठी खलास. हे मॅनेजरने त्यांना स्पष्ट सांगितलं, मामूंनी आम्हाला स्पष्ट सांगितलं, आणि ग्रुपवर स्पष्ट लिहिलं. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्या आठवड्यात अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या एका कंत्राटदार साहेबांचा मामूंना फोन आला. मी शेजारीच बसलो होतो.

"मामू, कशाला दारोदार हिंडताय? सगळा हॉल मी घेतो. बाहेर आमच्या कंपनीचा एक बॅनर लावू, लोकांना पास वाटू. काम झालं."

"नको साहेब."

"अहो, हॉल भरलेला हवाय ना तुम्हाला?"

"भरलेला नको, विकलेला हवाय. एकाच माणसाने घेतलेली सगळी तिकिटं म्हणजे एकच तिकीट. तुम्ही उद्या कंटाळलात की सिनेमा संपला."

"तत्त्वाच्या गोष्टी आहेत या, मामू."

"हो साहेब. तुम्ही तुमच्या घरातली चार काढा. मला तेवढी पुरेत."

मला हे तेव्हाही पटलं आणि पुढे जे झालं त्यानंतरही पटतं. फुकट पासावर जगणारी भाषा दुसऱ्याच्या ताटातलं खाते.

मामूंनी तो आठवडा मरीनापासून शारजापर्यंत पिंजून काढला. माझी आणि भाच्याची तिकिटं तर समोर उभं राहून काढायला लावली. ग्रुपवर अंगठे आले, जोडलेले हात आले, 'भेटूच', 'सहकुटुंब', 'डब्यात काय आणू' असं सगळं आलं. मामू खूश होते. रविवारी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि आम्ही दोघं त्यांच्याबरोबर खेळाच्या बरंच आधी मॉलमध्ये पोचलो. मॅनेजर वरून खाली आला. त्याने मामूंचा हात हातात घेतला तेव्हाच मला कळलं. तिकिटं जेमतेम एका रांगेची गेली होती. त्याने मामूंसाठी शनिवारची मुदत रविवार दुपारपर्यंत ताणली होती, पण मघाशी वरच्या ऑफिसने खेळ काढून टाकला आणि तो हॉल एका मल्याळम सिनेमाला दिला. मामू म्हणाले, "ठीक आहे. लोकांना यायचं नव्हतं. जबरदस्ती थोडीच आहे."

आणि मग सरकत्या जिन्यावरून लोक येऊ लागले.

आधी नाशिकचं एक कुटुंब आलं, मग शारजाहून दोन गाड्या भरून, मग ठाण्याच्या त्या बाई आपल्या यजमानांना घेऊन. पैठण्या होत्या, केसांत खरे गजरे होते, एका बाळाला कुंची घातली होती. बघता बघता तिकीट खिडकीसमोरची जागा मराठीने भरून गेली. प्रत्येकाने मनाशी एकच विचार केला होता, आणि तो फक्त आपलीच माणसं करू शकतात: मराठी सिनेमा आहे, गर्दी कुठे असणार, ऐन वेळी खिडकीवर तिकीट मिळतंच. हॉल भरून उरेल एवढ्या माणसांनी हॉल रिकामा असणार हे गृहीत धरलं होतं. शेवटी खलिफा सिटीतले कंत्राटदार साहेबही आले, सहकुटुंब. सगळा हॉल विकत घ्यायला निघालेल्या त्या गृहस्थांनी स्वतःची चार तिकिटं काढली नव्हती.

खेळ रद्द झाल्याचं कळल्यावर सगळे संतापले. "हा मराठी माणसावर अन्याय आहे," साहेब म्हणाले. कोणी तिथेच उभ्या उभ्या निषेधाचा मजकूर लिहायला घेतला. मॅनेजर ते सगळं बघत होता. त्याने आवाज चढवला नाही. फक्त मामूंना विचारलं, "अंकल, ये सब लोग कल तक किधर थे?"

एक मुलगी आईला विचारत होती, "सो आर वी वॉचिंग समथिंग एल्स?" आई मामूंकडे बघू लागली, जणू परवानगी मागत होती. मामू म्हणाले, "जा, जा. पोरांना घेऊन आलायत, तशीच परत नेऊ नका." मग कोणी हिंदी सिनेमाला गेलं, कोणी जेवायला. शेजारच्या हॉलमध्ये मल्याळम सिनेमाचे लोक शांतपणे आत शिरत होते. त्यांच्या हातात तिकिटं होती.

मामू बाकावर बसले. भाचा पाणी आणायला गेला. मी म्हणालो, "मामू, पण लोक आले होते. एवढे कधीच आले नव्हते."

"आले होते," ते म्हणाले. "तू पाहिलंस, मी पाहिलं. कागदावर काय जाणार? प्रेक्षक नाहीत. मुंबईत निर्माता वाचेल, दुबईत मराठी माणूस सिनेमा बघत नाही. खोटं आहे ते. पण आपणच सांगितलेलं खोटं आहे, रागवायचं कोणावर?" मग म्हणाले, "मला वाटलं होतं, मी जाईन आणि हे राहील."

ते गेले. विमानतळावर त्यांच्याकडे फक्त एक मोठी बॅग आणि मामीसाठी घेतलेला मिक्सर होता. आता गावात त्यांची नारळाची थोडी झाडं आहेत, संध्याकाळी ते बंदरावर जाऊन बसतात असं भाचा सांगतो. थिएटर तिथून लांब आहे. फोनवर ते तब्येत विचारतात, पाऊसपाणी सांगतात, सिनेमाचं विचारत नाहीत. विचारतील असं वाटून मी फोन थोडा लांबवतो, आणि मग तेच म्हणतात, "चल, ठेव आता, तुला ड्युटी असेल."

परवा मी आणि भाचा त्रिशूरच्या मॅनेजरला भेटून आलो. बराच वेळ तो नाहीच म्हणत होता. मग म्हणाला, अंकलसाठी एकदा, शेवटचं. येत्या रविवारी दुपारी एक खेळ, अट तीच. या वेळी तुमच्या दाराशी कोणी येणार नाही, फळीजवळ कोणी उभं राहणार नाही. म्हणून एवढंच मागतो: हे पान बाजूला ठेवा, घरात किती माणसं आहेत ते बघा, आणि ताटं घेण्याआधी तेवढी तिकिटं काढा. सिनेमा कसा आहे ते सोमवारी बोलू.