ऐंशी पैशांची दयाबाई

माझी आई दयाबाई खडूस होती, असं केडगावात अजून बोलतात. बोलू द्या. मातीच्या दिवशी तिच्या शवपेटीवर फुलं टाकायला हीच माणसं सगळ्यात पुढं होती, आन् ती जिवंत असताना पंचवीस रुपयांची कॅसेट घ्यायची म्हटलं की यांचा हात खिशातनं बाहेर येत नव्हता. मी सगळ्यांना नावानिशी ओळखते.

आई शिवणकाम करायची. मी चौथीत असताना पप्पा गेले, तवापास्नं मशीनवरच घर चाललं. ब्लाउज शिवता शिवता तिला चाली सुचायच्या. मापाच्या कागदावरच, बाह्या आन् गळ्याच्या मधल्या जागेत, ती शब्द लिहून ठेवायची आन् रविवारी चर्चमधी गायची. बाया डोळे पुसायच्या. ‘दयाबाई, काय गळा दिलाय गं प्रभूनं!’ म्हणायच्या आन् सोमवारी शिलाईतले पाच रुपये कमी कर म्हणून दारात उभ्या.

सत्त्याण्णव साली तिनं भिशी उचलली, पुण्याला गेली आन् आठ गाण्यांची कॅसेट काढून आली. हजार नग. कव्हरवर तिला स्वतःचा फोटो पाहिजे होता; छापणाऱ्यानं कबूतर टाकलं. किंमत पंचवीस रुपये. पहिल्याच रविवारी उपासना सुटल्यावर आमच्या पाळकसाहेबांनी हात पुढं केला.

‘एक माझ्याकडं ठेवतो, दयाबाई. आशीर्वाद म्हणून.’

‘आशीर्वाद तुमच्याकडंच राहू द्या, साहेब. पंचवीस द्या,’ आई म्हणाली.

साहेबांनी दारातल्या मंडळींदेखत हात मागं घेतला. त्या दिवसापास्नं ती खडूस झाली.

पण कॅसेट खपली हो! दौंड, पाटस, पार सोलापूरपर्यंत जिथं सभा असंल तिथं ती पिशवी घेऊन रेल्वेनं जायची. आणखी हजार काढाव्या लागल्या, सात-आठ वर्षांत दोन हजार नग गेले. माझ्या नर्सिंगची फी त्यातनंच भरली. मग तिला एकच ध्यास लागला, दुसऱ्या रेकॉर्डिंगचा. नवी बारा गाणी तयार होती, पहिल्या आठांपेक्षा कितीतरी सरस. लेक म्हणून सांगत न्हाई, मलाही कान हाय. पण स्टुडिओवाला आता चाळीस हजार मागत होता, आन् आईचा वरचा सूर फाटायला लागला होता. ‘गळा हाय तवर झालं पाहिजे, ब्लेसे,’ मला म्हणायची. म्हणून तिनं जुन्याच गाण्यांच्या हजार सीड्या काढल्या. भाव तोच. त्या खपल्या की स्टुडिओ गाठायचा.

आता आमच्या डॅनीचं ऐका. माझा मावसभाऊ. कुरकुंभला कंपनीत शिफ्ट करायचा आन् हप्त्यानं कॉम्प्युटर घेतल्यापास्नं स्वतःला लई शहाणा समजायचा. दोन हजार सहाच्या नाताळात, भर उपासनेत, हा पुढं गेला आन् माइक धरून म्हणाला, ‘एक आनंदाची बातमी हाय. दयामावशीची आठच्या आठ गाणी मी इंटरनेटवर टाकलीत. आता जगात कुठंही, कुणालाही, फुकट डाउनलोड करता येतील!’

टाळ्यांचा कडकडाट. पाळकसाहेबांनी डॅनीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. माझी आई तिसऱ्या बाकावर बसली होती आन् तिच्या पायाशी साठ सीड्यांची पिशवी होती, उपासनेनंतर विकायला आणलेली. त्या दिवशी एक खपली. तीही बाहेरगावच्या पाहुण्यानं घेतली.

घरी आल्यावर आईनं डॅनीला उभं केलं. ‘मला विचारलंस?’

‘मावशे, देवाचं काम हाय. त्यात विचारायचं काय?’

‘कंपनीत फुकट जातोस व्हय रे तू?’

‘आता ते कुठं काढलंस!’ असं म्हणून तो हसला. मला तवा त्याच्या थोबाडीत द्यायची होती. दिली न्हाई, याचं अजून वाईट वाटतं.

पुढं तर कहरच झाला. मोबाईलमधी मेमरी कार्डं आली, आन् दौंडला स्टेशनजवळ एका दुकानावर पाटी लागली: ‘गाणी भरून मिळतील. तीनशे गाणी, तीस रुपये.’ आई आन् मी औषधं घेऊन चाललो होतो, तर आत आमच्या महिला मंडळाच्या रुबीकाकू बसलेल्या. आईला बघून त्यांना कोण आनंद!

‘अगं दया, ये ये! तुझी सगळी आली बघ माझ्या कार्डात!’

आई पायरीवरच थांबली. ‘तीनशे गाणी तीस रुपयांत. म्हंजी एक दहा पैशाला. माझी आठ. माझे ऐंशी पैसे झाले, रुबी. ते कुणाला दिलेस?’

‘काय बाई तुझं! सारखं पैसे पैसे. देवाचं गाणं हाय ते.’

‘मग या पोराला सांग की, देवाचं हाय, फुकट भर म्हणून.’

दुकानदार पोरगा हसला. रुबीकाकूंनी तीस रुपये त्याच्या हातात ठेवले आन् आईशी सहा महिने बोलल्या न्हाईत. त्याच रुबीकाकू, ज्यांनी कॅसेट ‘ऐकून देते’ म्हणून नेली होती आन् कधीच परत दिली न्हाई.

सीड्या पलंगाखालीच राहिल्या. चाळीस हजार काही जमले न्हाईत. मी पगारातनं देते म्हटलं, तर आई कडाडली, ‘तू घातलेस तरी ते परत कुठनं येणार? पहिल्याच दिवशी डॅनी चढवून मोकळा होईल.’ खरंच होतं. गाण्याला भावच उरला नव्हता. मग दोन हजार आठमधी तिच्या गळ्यात गाठ निघाली, आन् डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते मी तिला सांगितलं न्हाई. तिला कळलं होतंच.

तवा डॅनी आला, नवा मोबाईल घेऊन. ‘मावशे, नवी गाणी म्हण. यात रेकॉर्ड करतो. न्हाई तर तुझ्याबरोबरच जातील.’

आन् मी, तिची पोटची लेक, मीसुद्धा म्हणाले, ‘म्हण ना आई. फुकट का होईना, राहतील तरी.’

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी मान खाली घातली. मग ती उशीला टेकून बसली आन् बायबलातल्या, विहिरीवरच्या शोमरोनी बाईचं गाणं सुरू केलं. बाई तिथं बसलेल्या परक्या माणसाला विचारते, तुझ्याकडं पोहरा न्हाई, विहीर खोल, मग माझी तहान तू कशी भागवणार? आवाज फाटका झाला होता, पण देवाशपथ, मी तसं गाणं ऐकलं न्हाई. पहिलं कडवं संपलं. दुसऱ्यात त्या माणसाचं, म्हंजी येशूचं, उत्तर हाय. आई थांबली.

‘पुढचं, मावशे?’

‘पुढचं विकत घे,’ आई म्हणाली आन् भिंतीकडं तोंड करून झोपली.

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत ती गेली. मापाचे कागद तिनं आधीच चुलीत घातले होते, माझ्या डोळ्यांदेखत. डॅनीनं तिचं शेवटचं वाक्य कापलं आन् अर्धं गाणं इंटरनेटवर चढवलं. ते पसरलं. कुठनं कुठनं माणसांचे फोन यायला लागले, ‘ताई, पुढचं कडवं पाठवा ना.’ ईस्टरच्या आधी पाळकसाहेबांचाही आला. ‘ब्लेसी, तुला नक्की ठाऊक असंल. मंडळी तळमळतीय.’

‘ठाऊक हाय, साहेब,’ मी म्हणाले.

‘मग दे ना. तुझ्या आईची आठवण म्हणून.’

मी फोन ठेवला. कडवं मला पाठ हाय. तिच्या मशीनशेजारी बसून शंभर वेळा ऐकलंय. आजपातुर सोळा जणांनी मागितलं. केवढ्याला, असं एकानंही विचारलं न्हाई.