एका सालाची गरिबी

आमच्या गल्लीतल्या दुकानवाल्या काकू आजही चार बाया जमल्या की आपल्या गरिबीची गोष्ट काढतात. दुकान कसं जळालं, लोकांच्या वावरात सरवा कसा वेचावा लागला, बोटांना कशा भेगा पडल्या, सगळं रंगवून सांगतात. बाया पदराने डोळे पुसतात. आमच्या घरची अशी गोष्ट कोणी सांगत नाही. सांगणार कशी? गोष्ट व्हायला ती आधी संपावी लागते. मी आपला तिथून उठून जातो.

सरवा म्हणजे पीक निघाल्यावर वावरात गळून पडलेलं वेचणं. आमच्याकडे शेत नव्हतं. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याचा हरभरा निघाला की माय, बहीण आणि मी त्याच्या वावरात घाटे वेचायचो. हे दरसालचं ठरलेलं, विचारायचीही गरज नसायची. माय म्हणायची, "मजुरीत पोट भागते, पन पोरीची शाळा सरव्यावर हाये." घरात डाळ असली की बहिणीला कामावर धाडायची वेळ येत नसे. ती नववीत होती आणि हुशार होती.

त्याच साली काकूंचं दुकान शॉर्टसर्किटने जळालं. वाईटच झालं, नाही कोण म्हणतो? पण गाव कसं धावलं! कोणी ज्वारीचं पोतं आणून टाकलं, कोणी साड्या दिल्या. नांदुऱ्याच्या नातेवाइकांनी त्यांच्या पोरीची शाळा अंगावर घेतली. जो तो म्हणे, बिचाऱ्यांवर वेळ आली. आमच्यावर वेळ आलेली नव्हतीच म्हणा. आम्ही जन्मापासून तसेच, मग आमच्याकडे काय पाहायचं?

हरभरा निघाला. आम्ही पिशव्या घेऊन बांधावर पोचलो, तर तो शेतकरी मायला म्हणाला, "बाई, यंदा सरवा दुकानवाल्यायले देल्ला. त्यायले चारचौघात मांगता येत नाही. तुमचं काय, तुमाले सवय हाये."

सवय! अरे, रिकाम्या पोटाची कोणाला सवय होते का? आणि माणूस वाईटही नव्हता, हेच जास्त डोक्यात जातं. आपण पुण्य करतोय असंच त्याला वाटत होतं. माय म्हणाली, "हाव, बरोबर हाये," आणि मागे वळली. मी रस्ताभर तिच्यावर खेकसत होतो, "भांडली काऊन नाही तू?"

"भांडलं त उद्याची मजुरीबी जाईन, बे," ती म्हणाली.

बाकीच्या वावरांत आमच्यासारखेच दुसरे होते, त्यांच्या तोंडचं कसं काढणार? होळीच्या आधीच घरातले डबे वाजायला लागले. मावशी वीटभट्टीवर कामाला होती. तिला लेकरं सांभाळायला आणि भाकरी टाकायला कोणीतरी हवं होतं, आणि आमच्या घरी खाणारं एक तोंड कमी व्हायला हवं होतं. झालं, ठरलं. "पेपर झाले की जातो ना," असं बहीण एकदाच म्हणाली.

तिला एसटीवर सोडायला निघालो तर काकू दारात उभ्या. लगबगीने आल्या, बहिणीच्या तोंडावरून हात फिरवला. डोळ्यांत खरंच पाणी होतं त्यांच्या. सरवा आधी कोणाचा होता, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मायला म्हणाल्या, "इतकी हुशार पोर, पेपर तोंडावर आले, अन काऊन धाडता हो तिले?"

मी तोंड उघडणार तोच मायने माझा दंड घट्ट धरला. त्यांच्या पडत्या काळात त्यांना आणखी काय बोलायचं, असं तिला वाटलं असेल. तिचं ते शहाणपण मला आजही पटलेलं नाही.

"काई नाई, बाई," माय हसून म्हणाली. "शाळेत मनच नाही लागत तिचं."

काकूंनी बहिणीकडे पाहिलं. "खरं हाये का वं?"

बहिणीने मायकडे पाहिलं. मग बोचकं उचललं.

"हाव," ती म्हणाली. "नाही लागत."