सारवणाखालचं पान

"हे कोणी काढलं?" बाईंनी विचारलं.

मी चौथीत होते. दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारी. शाळेचं पटांगण आम्ही तिघी पोरींनी सकाळपासून सारवलं होतं. तिघी आमच्या वस्तीतल्याच. शेण आम्ही गोळा करायचं, आम्ही कालवायचं, आम्ही सारवायचं. मग वरच्या आळीतल्या मुली यायच्या, धुतलेल्या हातांनी, रांगोळीच्या वाट्या घेऊन. हे असंच करायचं असं कोणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. दरवर्षी तसंच व्हायचं.

त्या वर्षी मला काय अवदसा आठवली कोण जाणे. ओट्यावर एक वाटी राहिली होती. मी हात धुतले आणि झेंड्याच्या खांबाजवळ एक पिंपळाचं पान काढलं. आई चौदा एप्रिलला आमच्या दारात काढायची तसं. लांब टोक, मधे शीर. बरं जमलं होतं. उठून, दोन पावलं मागं जाऊन बघितलंसुद्धा.

"मी काढलं, बाई."

बाई ओरडल्या नाहीत. मारलं नाही. साध्या आवाजात म्हणाल्या, "तुझं काम सारवायचं. रांगोळीला हात लावायला तुला कोणी सांगितलं? फिरव शेणाचा हात त्याच्यावर."

मी फिरवला. माझ्याच हातानं. मुली कडेला उभ्या होत्या. एकीला हसू आलं, तिनं तोंडावर हात धरला. दुसऱ्या दिवशी झेंडा वर गेला, सगळ्यांनी वर बघितलं. मी खाली बघत होते. तेवढी जागा अजून ओली होती, बाकीच्या सारवणापेक्षा काळी.

शेण माझ्या हाताचं चाललं. रांगोळी चालली नाही.

आता मी चाळिशी ओलांडली आहे. जालना जिल्ह्यातल्याच एका गावात, सासरी, आशा सेविका म्हणून काम करते. गरोदर बायकांना तपासणीला न्यायचं, बाळंतपणाला सोबत जायचं, नंतर घरी जाऊन बाळाचं वजन करायचं. गाव बदललं, आळ्या त्याच.

गेल्या वर्षी वरच्या आळीत एक सून बाळंत झाली. नऊ महिने मीच तिला घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढले. कळा आल्या तेव्हा तिनं माझा हात असा धरला की चार दिवस नखांचे वळ होते. सातव्या दिवशी झोळीचा काटा घेऊन घरी गेले. वजन दोन किलो सातशे. चांगलं आहे, असं मी तिला सांगतच होते, तेवढ्यात सासूनं बाळ माझ्या हातातून काढून घेतलं. तांब्यातलं गोमूत्र चुळकाभर घेतलं आणि माझ्यासमोर त्याच्या अंगावर शिंपडलं. लेकरू दचकून रडलं.

"मनावर घेऊ नको बाई," म्हातारी म्हणाली. "आमच्यात असतंय तसं."

सून भिंतीकडे बघत होती. कळांच्या वेळी माझा हात चालला होता. आता नाही.

मी तक्रार लिहिली. दोन पानी, तारखेसह, सहीनं. तालुक्याला जाऊन आरोग्य अधिकारी साहेबांच्या हातात दिली. त्यांनी वाचली, चहा मागवला, म्हणाले, "अहो ताई, जुनी माणसं आहेत. तुम्हाला त्याच गावात काम करायचंय ना?"

"करायचंय म्हणून तर आल्ते साहेब."

साहेबांनी चहाचा घोट घेतला. मग त्यांना मार्ग सापडला. म्हणाले, "तुमच्यावर ताण आलाय. पुढच्या आठवड्यात ताणमुक्तीचं शिबिर आहे, ते करा. मन हलकं झालं की तुम्हालाच ही मागे घ्यावीशी वाटेल." आणि माझा कागद त्यांनी टेबलाच्या काचेखाली सरकवला.

म्हणजे दुखणं मला होतं. म्हातारी ठणठणीत होती.

शिबिराला आम्ही चाळीसेक जणी होतो. सतरंज्या, कूलर, मोबाईलवर बासरी. शहरातून एक मॅडम आल्या होत्या. आवाज मऊ, बोलणं सावकाश. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. त्या म्हणाल्या, डोळे मिटा, मी सांगते ते चित्र मनात बघा. पहाटे उठून पाणी भरून, भाकरी थापून आलेल्या बायका, डोळे मिटा म्हटल्यावर दुसरं काय करणार. माझ्या शेजारची पाच मिनिटांत घोरायला लागली.

"आता तुम्ही तुमच्या सगळ्यात सुरक्षित जागी आहात," मॅडम म्हणाल्या. "गावाकडचं सारवलेलं अंगण. ओल्या शेणामातीचा तो छान वास. बाजूला रांगोळी. तिथे एक लहान मुलगी बसली आहे. ती तुम्हीच आहात."

सारवलेलं अंगण ज्यांनी नुसतं पाहिलं, त्यांना ते सुंदरच दिसतं. मॅडमना कुठून कळावं.

मला अंगण दिसलं. मुलगीही दिसली. उकिडवी बसलेली, उजवा हात मनगटाच्या वर शेणानं भरलेला. तीस वर्षांत मी तिच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. मला तिची लाज वाटायची. कशाला काढलंस ते पान? कशाला मी काढलं म्हणालीस? आणि पूस म्हटल्यावर लगेच कसं पुसलंस? इतकी वर्षं मी बाईंवर चिडलेच नव्हते. तिच्यावर चिडले होते. दहा वर्षांच्या पोरीवर. हे मला त्या सतरंजीवर कळलं.

"तिच्याजवळ बसा," मॅडम म्हणाल्या. "तिला सांगा, तुझं काही चुकलं नव्हतं."

मी सांगितलं, मनातल्या मनात. ती वर बघेना. मी पुन्हा सांगितलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. इथपर्यंत मॅडमचं बराबर होतं.

"आता तुम्हाला जिनं दुखावलं ती व्यक्ती समोर येते आहे. ती हसते आहे. तिला माफ करा. ओझं खाली ठेवा."

माझे डोळे उघडले.

नंतर एकेकीनं उठून काय दिसलं ते सांगायचं होतं. सगळ्या म्हणाल्या, छान वाटलं, शांत वाटलं. माझी पाळी आली. मी सगळं सांगितलं. पान सांगितलं, गोमूत्र सांगितलं. हॉलमध्ये नुसती बासरी वाजत राहिली. घोरणारी जागी झाली होती.

मॅडम जवळ आल्या, खाली बसल्या, माझा हात हातात घेतला. "ताई, कल्पनाच करायची आहे ना? मग चांगली करू या. चित्र बदला. बाई तुमच्या हातात रांगोळीची वाटी देताहेत असं बघा."

"बाईनं दिली न्हाई, मॅडम."

"पण तुमच्या मनात तर देऊ शकते."

"मनात दिली तर मंग तिला द्यायचं कामच राह्यलं न्हाई."

त्यांनी माझा हात थोपटला. मग आणखी मऊ आवाजात म्हणाल्या, "इथे जात नको ना आणायला. इथे आपण सगळी फक्त माणसं आहोत."

"मी माणूस हाय ते मला ठाऊक हाय. हे शिबिर त्या वरच्या आळीचं घ्या."

कोणी हसलं नाही. कोणी माझ्या बाजूनंही बोललं नाही. आमच्या वस्त्यांतल्या दोघीतिघी होत्या, त्या सतरंजीचे दोरे काढत बसल्या. त्यांचा मला राग नाही. मीही अशीच बसले आहे, कितीतरी ठिकाणी.

समारोपाला साहेब आले. मला बाजूला बोलावलं. तक्रारीचा कागद सोबत होता.

"मग, झालं ना मन मोकळं? खाली लिहून द्या, मागे घेते म्हणून. तुमच्या हातानं लिहा. आम्हाला तसं फाडता येत नाही."

त्यांनी पेन पुढं केलं. मी कागदाकडे बघितलं. माझं अक्षर, माझी सही. तुमच्या हातानं. तीच रीत. बाईंनाही पान स्वतः पुसायचं नव्हतं.

"साहेब, पुसायचं असंल तर तुम्ही पुसा. माझ्या हातानं न्हाई."

"तुम्हालाच त्रास होईल ताई."

"होऊनच राह्यलाय की."

त्याचं पुढं काय झालं म्हणाल, तर काही नाही. कागद परत काचेखाली गेला. चौकशीला कोणी आलं नाही. येईल असं मला वाटतही नाही. वरच्या आळीची चार घरं मला दारातूनच परतवून लावतात. सोबतच्या बायका मीटिंगला माझ्या शेजारी बसायचं टाळतात. ती सून रस्त्यात भेटली तर खाली बघते. बाळ आता रांगतं. डोस द्यायला गेले की म्हातारी तांब्या तयार ठेवते, माझ्या नजरेसमोर. यातलं काही माझ्या हयातीत बदलेल, असं स्वप्न मी बघत नाही. मॅडमनी डोळे मिटायला शिकवलं, तरी बघत नाही.

डोळे मात्र मिटते. दुपारी भांडी झाली की पाच मिनिटं, भिंतीला टेकून. त्या पटांगणात जाते, त्या पोरीजवळ बसते. बाईंना हसवत नाही. वाटी आणत नाही. पोरीचा हातही धूत नाही, कारण तो तसाच होता. एवढंच सांगते की मी तुझ्यावर चिडलेली नाही. परवा तिनं पहिल्यांदा वर बघितलं.

आणि दर महिन्याला मीटिंगला गेले की साहेबांच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहते. काचेखाली माझा कागद आहे का ते बघते. साहेब विचारतात, काय काम आहे. मी म्हणते, "काय न्हाई. हाय का बघून राह्यले." ज्या महिन्यात तो दिसणार नाही, त्या महिन्यात मी तिथंच बसून दुसरा लिहीन. तोही नाहीसा झाला तर तिसरा.

लिहिणार मी. पुसणार नाही.